चार यंत्रं आणि एक ठराव : ऑल्टन, 1837

3 नोव्हेंबर 1837 रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मिसिसिपीच्या काठावरच्या ऑल्टन गावात, प्रतिष्ठित नागरिकांची सभा भरली आणि एक ठराव झाला. गावात चर्चेचं स्वातंत्र्य दडपण्याची कोणाचीही इच्छा दिसत नाही, असं त्यात आधी नमूद केलं होतं. लगेच पुढे म्हटलं होतं की गावातली शांतता आणि सलोखा टिकायचा असेल, तर 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राच्या माजी संपादकाने यापुढे इथल्या कुठल्याही वृत्तपत्राशी संबंध ठेवता कामा नये. चार दिवसांनी हा संपादक, गुलामगिरीविरुद्ध लिहिणारा इलायजा लव्हजॉय, गोळ्या लागून मेला.

हे प्रकरण सहसा जमाव विरुद्ध संपादक असं सांगितलं जातं. दारू प्यायलेला जमाव, मशाली, गोळीबार, हुतात्मा. ते सगळं घडलं, खरंच आहे. पण कागदपत्रं नीट पाहिली तर निकाल त्या सभेतच लागलेला दिसतो. जमावाने फक्त अंमलबजावणी केली. म्हणून इथे छपाईयंत्र ठेवलेल्या गोदामावरच्या हल्ल्याइतकंच लक्ष सभेकडे दिलं आहे.

माणूस

लव्हजॉयचा जन्म 1802 चा, मेन राज्यातल्या अल्बियन गावचा. घर कडव्या प्रोटेस्टंट वळणाचं. 1826 मध्ये कॉलेज संपवून तो पश्चिमेकडे निघाला आणि मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसला पोचला. तिथे आधी शाळा चालवली, मग 'सेंट लुईस टाइम्स' या वृत्तपत्रात भागीदार आणि संपादक झाला. त्या काळात तो गुलामगिरीचा विरोधक वगैरे नव्हता. उलट त्याच्या छापखान्यात विल्यम वेल्स ब्राउन नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण गुलाम भाड्याने कामाला होता. राबायचा ब्राउन, मजुरी जायची त्याच्या मालकाला. सेंट लुईसमधली ती सर्रास पद्धत होती.

हाच ब्राउन पुढे पळून गेला, लेखक आणि वक्ता झाला. 1847 मध्ये छापलेल्या आत्मकथनात त्याने या छापखान्याबद्दल लिहिलंय. गुलामीत असताना जे काही थोडंफार शिकलो ते मुख्यतः लव्हजॉयकडे, असं तो म्हणतो. एक प्रसंगही सांगतो. त्याला दुसऱ्या वृत्तपत्राच्या कचेरीतून जुळवलेले खिळे (छपाईची धातूची अक्षरं) आणायला पाठवलं होतं. परतताना गुलाममालकांच्या पोरांनी गाठून बर्फाचे गोळे मारायला सुरुवात केली. हातात खिळ्यांचं जड ओझं, पळणार कसा? शेवटी ओझं खाली ठेवून तो त्यांना भिडला. पोरं जास्त होती, त्यांनी दगड-काठ्या हाती घेतल्या आणि त्याला पळ काढावा लागला. लव्हजॉय स्वतः जाऊन खिळे परत घेऊन आला. पण त्यातल्या एका पोराच्या बापाने नंतर ब्राउनला रस्त्यात गाठून काठीने झोडपलं. छापील शब्दाच्या या व्यवसायात पहिला मार कोणी खाल्ला, हे सांगायला हा प्रसंग पुरेसा आहे.

1832 च्या सुमारास लव्हजॉयच्या मनात धार्मिक पालट झाला. प्रिन्स्टनला जाऊन तो प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक झाला आणि परत येऊन नोव्हेंबर 1833 मध्ये त्याने 'सेंट लुईस ऑब्झर्व्हर' हे धार्मिक साप्ताहिक काढलं. यात दारूविरुद्ध लेख असत आणि कॅथलिक पंथाविरुद्ध तर भरपूर. सेंट लुईस हे फ्रेंच आणि आयरिश कॅथलिकांचं शहर, त्यामुळे गुलामगिरीचा विषय निघण्याआधीच निम्मं गाव दुखावलं होतं. त्याचे चाहते हा भाग हळूच गाळतात. गाळू नये. माणूस हेकट होता, इतरांच्या श्रद्धेबद्दल अनुदार होता, आणि तरीही छापण्याचा त्याचा हक्क तेवढाच खरा होता. संपादक गोड स्वभावाचा असता तर वाचला असता का, हा प्रश्न मग निराळा घ्यावा लागतो.

सेंट लुईस सोडावं लागलं ते कशामुळे

1831 च्या जानेवारीत बोस्टनहून विल्यम लॉइड गॅरिसनचं 'लिबरेटर' हे गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र सुरू झालं. 1833 मध्ये अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली आणि 1835 च्या उन्हाळ्यात तिने दक्षिणेकडे टपालाने पत्रकांचे गठ्ठेच्या गठ्ठे धाडले. चार्ल्स्टनच्या टपाल कचेरीतून जमावाने ते पळवले आणि रस्त्यात जाळले. पोस्टमास्टर जनरलने कानाडोळा केला. त्याच ऑक्टोबरात बोस्टनमध्ये खुद्द गॅरिसनला दोरी बांधून रस्त्यातून ओढण्यात आलं. पुढच्या वर्षी सिनसिनाटीत जेम्स बर्नीच्या 'फिलान्थ्रोपिस्ट' या तशाच वृत्तपत्राचं छपाईयंत्र ओहायो नदीत गेलं. ऑल्टनला या माळेतलाच एक मणी समजायला हरकत नाही.

लव्हजॉय तेव्हा मवाळ होता. गुलामगिरी पाप आहे, पण हळूहळू संपावी, असं लिहायचा. ऑक्टोबर 1835 मध्ये सेंट लुईसच्या काही वजनदार नागरिकांनी, त्यात त्याचे स्वतःचे पाठीराखेही होते, त्याला पत्र लिहून हा विषय बंद करायला सांगितलं. त्याने नकार दिला. मग 28 एप्रिल 1836 चा दिवस आला. फ्रान्सिस मॅकिन्टॉश नावाच्या, बोटीवर काम करणाऱ्या एका स्वतंत्र मिश्रवर्णीय माणसाला पोलिसांनी पकडलं. त्याने सुटण्यासाठी सुरी चालवली, त्यात एक अधिकारी मेला, दुसरा जखमी झाला. जमावाने त्याला तुरुंगातून बाहेर काढून झाडाला साखळदंडाने बांधलं आणि जिवंत जाळलं.

न्यायाधीश ल्यूक लॉलेसने ग्रँड ज्युरीला (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) समजावलं की हे कृत्य ठरावीक चार-दोघांचं असेल तर आरोप ठेवा. पण ते अगणित लोकांचं, समुदायाच्या उद्रेकाचं असेल, तर प्रकरण मानवी कायद्याच्या पलीकडचं आहे. वर 'ऑब्झर्व्हर'सारख्या वृत्तपत्रांनीच कृष्णवर्णीयांना चिथावलं, असाही ठपका ठेवला. म्हणजे खून करणारे पुरेसे जास्त असले की खून राहत नाही. लव्हजॉयने न्यायाधीशाची सालटी काढली. जुलैमध्ये त्याचा छापखाना फोडला गेला आणि त्याने नदीच्या वरच्या अंगाला पंचवीसेक मैलांवरच्या ऑल्टनला बस्तान हलवायचं ठरवलं. मिसुरीत गुलामगिरी कायदेशीर होती. इलिनॉय 'मुक्त' राज्य. मध्ये फक्त नदी.

मुक्त राज्यातला धक्का

जुलै 1836 मध्ये त्याचं यंत्र बोटीने ऑल्टनच्या धक्क्यावर उतरलं तो दिवस नेमका रविवार होता. रविवारी काम करायचं नाही, हा लव्हजॉयचा नेम. यंत्र धक्क्यावरच राहिलं आणि रात्री कोणीतरी ते मिसिसिपीत ढकलून दिलं. ऑल्टनमध्ये नष्ट झालेलं हे पहिलं यंत्र.

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी सभा घेतली, निषेध केला, नव्या यंत्रासाठी पैसे देऊ म्हणाले. इथेच वादाची मेख आहे. या सभेत लव्हजॉयने गुलामगिरीवर लिहिणार नाही असा शब्द दिला आणि पुढे मोडला, असा आरोप नंतर वर्षभर होत राहिला. सभेला हजर असलेल्या काही जणांनी नंतर सह्यानिशी वेगळं सांगितलं. तो म्हणाला होता की मुक्त राज्यात आल्यावर या विषयावर तितकं लिहायची गरज बहुधा पडणार नाही. पण मी अमेरिकन नागरिक आहे तोवर मला वाटेल ते बोलेन, लिहीन, छापेन, आणि त्याचा जाब देशाच्या कायद्याला देईन. मला वाटतं दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक असाव्यात. गावाने वाक्याचा पहिला अर्धा ऐकला, त्याने दुसरा अर्धा उच्चारला.

'ऑल्टन ऑब्झर्व्हर' सप्टेंबर 1836 मध्ये निघालं आणि वर्षभरात खप दोन हजारांवर गेला. तेव्हाचं लोखंडी हातयंत्र म्हणजे दोन माणसांचं काम : एकाने खिळ्यांना शाई लावायची, दुसऱ्याने कागद ठेवून दांडा ओढायचा. तासाला जेमतेम दोनशे-अडीचशे प्रती. गावात असं यंत्र बनत नसे, ते सिनसिनाटीसारख्या शहरातून बोटीने यायचं. म्हणजे वृत्तपत्र थांबवायला कायदा किंवा बंदी लागत नव्हती. चार माणसं, एक घण आणि जवळची नदी पुरे. खिळे रस्त्यावर उधळले की जुळाऱ्याचे आठवडे वाया.

6 जुलै 1837 च्या अंकात लव्हजॉयने इलिनॉयमध्ये राज्यव्यापी गुलामगिरीविरोधी संस्था काढण्याची हाक दिली. आता तो हळूहळूवाला राहिला नव्हता, तात्काळ मुक्तीवर आला होता. वेळही वाईट निवडली गेली. मे महिन्यात देशभर बँका कोसळल्या होत्या. ऑल्टनचे व्यापारी सेंट लुईसशी स्पर्धा करायची स्वप्नं बघत कर्जात बुडालेले आणि माल घेणारी गिऱ्हाइकं नदीच्या खालच्या अंगाला, गुलाम राज्यांत. तिकडे ऑल्टनचं नाव गुलामगिरीविरोध्यांचा अड्डा म्हणून झालं की धंदा बसलाच. जमावातल्या लोकांची डोकी वांशिक द्वेषाने तापली होती, सभेतल्या लोकांची खातेवह्यांनी. दोन्ही एकाच दिशेला वळली.

21 ऑगस्टच्या रात्री लव्हजॉय आजारी बायकोसाठी औषध घेऊन घरी चालला असताना टोळक्याने त्याला अडवलं. अंगाला डांबर फासून पिसं चिकटवायची, असा बेत होता. तो म्हणाला, मी तुमच्या ताब्यात आहे, काय करायचं ते करा. फक्त हे औषध कोणीतरी माझ्या बायकोला नेऊन द्या आणि काय चाललंय ते तिला कळू देऊ नका. टोळकं वरमलं, त्याला जाऊ दिलं. पण त्याच रात्री जमावाने छापखान्यात शिरून दुसरं यंत्र फोडलं. माणसाला सोडून देणारे हात यंत्राला सोडत नव्हते, हे तोवरच्या हिंसेचं लक्षण होतं. 21 सप्टेंबरला तिसरं यंत्र आलं, गोदामात ठेवलं, आणि तेही काही तासांत नदीत गेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिसुरीतल्या सेंट चार्ल्सला सासूच्या घरी असताना जमाव आत घुसला. गरोदर असलेली सिलिया लव्हजॉय नवऱ्याला ओढू पाहणाऱ्यांच्या आड उभी राहिली, थपडा मारत सुटली. त्या महिन्यातल्या एका पत्रात तो लिहितो की उशाशी भरलेली बंदूक ठेवून झोपावं लागतं.

सभा

ऑक्टोबरअखेर अप्पर ऑल्टनमध्ये संस्थेच्या स्थापनेसाठी अधिवेशन भरलं. राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल अशर लिंडर आपली माणसं घेऊन आत शिरला आणि बहुमताने कामकाजच उलथवलं. स्थापना शेवटी एका घरात करावी लागली.

मग 2 आणि 3 नोव्हेंबरच्या सभा. इलिनॉय कॉलेजचे अध्यक्ष एडवर्ड बीचर यांनी साधे ठराव मांडले : मत कुठलंही असो, माणूस कोणीही असो, त्याच्या बोलण्या-छापण्याच्या हक्काला कायद्याचं संरक्षण मिळालंच पाहिजे. हे नवं काही नव्हतं. इलिनॉयच्या 1818 च्या संविधानातच लिहिलं होतं की प्रत्येक नागरिक कुठल्याही विषयावर मोकळेपणी बोलू, लिहू, छापू शकतो आणि गैरवापराला तो जबाबदार राहील. (अमेरिकेच्या संविधानातली पहिली दुरुस्ती इथे कामाची नव्हती, ती तेव्हा फक्त संघराज्याच्या काँग्रेसला बांधत असे.) सभेला हक्क मंजूर होता, पण लव्हजॉयसाठी नको होता. ठराव समितीकडे गेले. समितीचे प्रमुख सायरस एडवर्ड्स, पुढच्याच वर्षी गव्हर्नरपदाला उभे राहिलेले व्हिग पक्षाचे पुढारी. समितीने 'तडजोड' आणली, ती म्हणजे सुरुवातीला सांगितलेला ठराव. त्यात हिंसेचाही निषेध होता. हे दस्तऐवज वाचताना मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो त्याचा समजूतदार सूर.

समितीतल्या एकाच माणसाने विरोधी मत नोंदवलं. विन्थ्रॉप गिलमन, ऑल्टनच्या सर्वात मोठ्या पेढीतला भागीदार. कायद्याची कडक अंमलबजावणी हाच गावाच्या सुरक्षिततेचा मार्ग, एवढंच त्याचं म्हणणं. तो गुलामगिरीविरोधी चळवळीतला बिनीचा माणूस नव्हता. धंद्याचं नुकसान त्यालाही कळत होतं, कदाचित इतरांपेक्षा जास्त.

लव्हजॉय उठून बोलला. मी वृत्तपत्र काढावं की नाही हे ठरवायचा अधिकार या सभेला आहे असं मी मानत नाही, हक्क माझा आहेच. तुम्ही मला त्यात संरक्षण देणार की नाही, एवढंच विचारायला आलोय. काय गुन्हा केला असेल तर खटला भरा. पळून कुठे जाऊ? इथे सुरक्षित नसेन तर कुठेच नाही. मेलो तर कबर ऑल्टनलाच होईल. ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, असं बीचर यांनी नोंदवलंय. मग लिंडर बोलला, आणि तडजोडीचा ठराव मंजूर झाला.

महापौर जॉन क्रम यांच्यावर पुढे बरीच टीका झाली. त्यांची अडचणही बघावी लागेल. गावात पोलीस दल नव्हतं, होते ते नावापुरते शिपाई. जादा शिपाई नेमायचा विषय नगर परिषदेत निघाला, तिने काही केलं नाही. पण सभेने चार दिवस आधीच सांगून टाकलं होतं की या माणसाने गावात नसणंच बरं. अशा माणसाच्या रक्षणासाठी कुठला नागरिक काठी घेऊन बाहेर पडणार होता?

गोदाम

7 नोव्हेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास चौथं यंत्र बोटीने आलं आणि काठावरच्या गॉडफ्री-गिलमन पेढीच्या दगडी गोदामात वर चढवलं गेलं. लव्हजॉय आणि बीचर हजर होते. दिवस शांत गेला. बीचर गावी परतले. पहाऱ्याला जमलेले बरेच जण रात्री घरी निघून गेले, वीसेक उरले. रात्री दहानंतर जमाव आला, यंत्र मागितलं. गिलमनने नकार दिला. दगड, मग गोळ्या. आतून झालेल्या गोळीबारात लायमन बिशप नावाचा जमावातला एक तरुण मेला.

यानंतर जे झालं ते लक्षात ठेवण्याजोगं आहे : महापौर गोदामात आले ते जमावाचा निरोप घेऊन. यंत्र द्या, कोणाला इजा होणार नाही. गिलमनने पुन्हा नाही म्हटलं. बाहेर जाऊन महापौरांनी जमावाला पांगायला सांगितलं तर लोक हसले. एका पाद्र्याच्या पत्नीने चर्चची घंटा बडवत ठेवली, मदतीला कोणी आलं नाही.

गोदामाला खिडक्या फक्त दोन टोकांना होत्या, लांबीच्या बाजूंच्या भिंती बंद. जमावाने शिडी त्या बंद भिंतीला लावली आणि एक जण छपराला आग लावायला चढला. आतून त्याला टिपता येणं शक्यच नव्हतं, बाहेर पडावं लागत होतं. एकदा काही जणांनी बाहेर पडून शिडी पाडली. ती पुन्हा लागली. दुसऱ्या खेपेला लव्हजॉय आणि रॉयल वेलर बाहेर आले. चांदणं लख्ख होतं. लाकडांच्या ढिगाऱ्याआडून गोळ्या सुटल्या. वेलर जखमी झाला. लव्हजॉयला पाच गोळ्या लागल्या, तो जिना चढून आत आला आणि कोसळला. उरलेल्यांनी गोदाम सोडलं, पळतानाही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जमावाने यंत्र खिडकीतून खाली टाकलं, फोडलं, तुकडे नदीत फेकले. 9 नोव्हेंबरला, त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, लव्हजॉयला पुरलं. थडग्यावर नाव नव्हतं.

खटले

जानेवारी 1838 मध्ये खटले उभे राहिले. आधी कोणावर? गोदामाचं रक्षण करणाऱ्यांवर. यंत्र फोडायला आलेल्यांना बेकायदा, हिंसक विरोध केला, हा गिलमन आणि इतरांवरचा आरोप. गिलमनवर स्वतंत्र खटला चालला. सरकार पक्षाच्या वकिलांत खुद्द अ‍ॅटर्नी जनरल लिंडर होता. ज्युरीने गिलमनला निर्दोष सोडलं. मग जमावातल्यांची पाळी, तेही निर्दोष. लव्हजॉयच्या मृत्यूसाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. लॉलेसने सेंट लुईसमध्ये जे तत्त्व सांगितलं, तेच ऑल्टनमध्ये न सांगता लागू झालं.

परिणाम

8 डिसेंबरला बोस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये निषेध सभा झाली. मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरल ऑस्टिनने ऑल्टनच्या जमावाची तुलना ब्रिटिश कराविरुद्ध बोस्टनच्या समुद्रात चहा फेकणाऱ्या देशभक्तांशी केली. सव्वीस वर्षांच्या वेंडेल फिलिप्सने तिथल्या तिथे उठून त्याला उत्तर दिलं आणि त्या भाषणापासून फिलिप्स चळवळीचा झाला. जानेवारीत स्प्रिंगफिल्डला अठ्ठावीस वर्षांच्या अब्राहम लिंकनने झुंडशाहीवर व्याख्यान दिलं. छपाईयंत्रं नदीत फेकणारे, संपादकांना गोळ्या घालणारे असा ओझरता उल्लेख केला, लव्हजॉयचं नाव घेतलं नाही. तो इलिनॉयच्या विधिमंडळातला तरुण सदस्य, ऑल्टन त्याच राज्यातलं. नाव टाळणं मला तरी अपघात वाटत नाही.

जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सत्पुरुषांना अर्पण केली, त्यांच्यात लव्हजॉयसारखे लोक येतात. अर्पणपत्रिका वाचून असं वाटू शकतं की तिकडचा समाजच उदार होता. 1837 मध्ये हे सत्पुरुष स्वतःच्या मुक्त राज्यातही उपद्रवी म्हणूनच गणले जात.

भाऊ ओवेन लव्हजॉय इलिनॉयमध्येच राहिला, पाद्री झाला, 1856 मध्ये काँग्रेसवर निवडून आला. जून 1862 मध्ये अमेरिकेच्या प्रदेशांतून गुलामगिरी हद्दपार करणारा कायदा झाला, तो मंजूर करून घेण्यात त्याचा मोठा वाटा होता. राज्यातलं पुढचं मोठं गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र 'वेस्टर्न सिटिझन' 1842 मध्ये झेबिना ईस्टमनने काढलं ते शिकागोहून. शिकागोचा माल सरोवरांच्या मार्गाने न्यूयॉर्ककडे जात होता, मिसिसिपीवरच्या गिऱ्हाइकांना दुखावण्याची धास्ती तिथल्या व्यापाऱ्यांना नव्हती. ऑल्टनमध्ये 1897 मध्ये लव्हजॉयचं उंच स्मारक उभं राहिलं. 1915 मध्ये नदीतून यंत्राच्या सांगाड्याचा एक तुकडा निघाला, तो गावातल्या 'टेलिग्राफ' या वृत्तपत्राने आपल्या कचेरीत ठेवला.